डोंगराच्या पोटातून आलेली मिशी

मिशीमामांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलासुद्धा जरा थांबून आठवावं लागे. गावाने त्यांना मिशीमामा का म्हटलं हे विचारायची कधी कोणावर वेळ आली नाही, कारण उत्तर त्यांच्या आधीच दारातून आत शिरायचं. आधी मिशीचं डावं टोक, मग उजवं, आणि मग बऱ्याच वेळाने मामा.

धंदा केस कापायचा. दुकान वरच्या गल्लीच्या अगदी शेवटाला, जिथे गाव संपतं आणि डोंगर सुरू होतो. सामान म्हणाल तर एक फिरती खुर्ची, एक बाक, एक आरसा आणि एक मेणाची डबी. खुर्ची गिऱ्हाइकाची, बाक गप्पा मारणाऱ्यांचा, आणि आरसा मिशीचा. गिऱ्हाइकाला त्यात उरलीसुरली जागा मिळायची. रोज सकाळी मामा बोटावर मेण घेत, फुंकर घालून मऊ करत आणि मिशीला असा पीळ देत की तिची दोन्ही टोकं वर वळून एकमेकींची चौकशी करू लागत. एकदा मामा शिडीवरून पडले. हात मोडला, मिशी जागची हलली नाही. डॉक्टर हात तपासायला लागले तर मामा म्हणाले, "हाताचं राहू द्या हो, तो जोडता येतो. आधी आरसा द्या."

मिशीच्या खालोखाल मामांना अभिमान होता तो स्वच्छतेचा. गिऱ्हाईक खुर्चीतून उठायच्या आत त्याचे केस झाडून टोपलीत जमा. जमिनीवर एक केस राहील तर शपथ. आणि टोपली भरली की दुकानाचं मागचं दार उघडायचं, चार पावलं चालायची आणि टोपली खादाडाच्या तोंडात उलटी करायची.

हा खादाड म्हणजे डोंगरातलं एक भोक. चांगलं विहिरीएवढं रुंद, काठावर ओणवं होऊन पाहिलं तरी तळ दिसत नसे. डोंगरावरचा ओहोळ खळखळत यायचा, त्यात उडी घ्यायचा आणि गडप. आमच्या पणजोबांच्या आधीपासून पडतोय म्हणत, पण भोक काही भरत नव्हतं. आता एवढं पाणी जातं कुठे, हा प्रश्न एखाद्याला तरी पडावा की नाही? नाही पडला. लोकांना एवढंच कळलं की याला कितीही घाला, याचं पोट भरत नाही. मग काय, सगळं गाव त्याला वाढायला लागलं. बेकरीवाला करपलेले पाव आणून टाकायचा. कोणाची फाटकी गादी, कोणाचं तीन पायांचं स्टूल, कोणाच्या बाटल्या. गुरांचे डॉक्टर कधीमधी झाकलेली बादली घेऊन यायचे आणि रिकामी बादली घेऊन शीळ घालत परत जायचे. त्या बादलीत काय असे ते कोणी विचारलं नाही. पुढे विचारायची हिंमत झाली नाही, पण ते पुढे येईलच.

गावाचा दुसरा अभिमान खालच्या गल्लीत होता. डोंगराच्या पायथ्याशी खडकाच्या फटीतून एक झरा दगडी हौदात पडायचा, आणि त्या हौदातून घरोघरी नळ गेलेले. पाणी असं की पाहुणे घरी परतताना बाटल्या भरून नेत. या झऱ्याची राखण करायचा मामांचा मेहुणा, मामींचा सख्खा धाकटा भाऊ. सगळे त्याला झरेवाला म्हणत. हौदाच्या जाळीदार दाराची चावी त्याच्या गळ्यात दोरीला असायची, आणि अंघोळ करतानाही तो ती काढत नसे. हौद घासावा त्यानेच. पायऱ्यांवरून तो असा फिरे की जणू कोणी झोपलंय आणि त्याला जाग येईल.

झरेवाल्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. तरुणपणीच सगळ्यांनी एकदम राजीनामा दिला होता. यावरून मामा आणि तो यांचा रोजचा सामना चाले.

"या मेहुणे! काय करू आज? पॉलिश?"

"भाऊजी, एकदा त्या खुर्चीत बसू द्या की. गोल फिरते म्हणे."

"खुर्ची केसवाल्यांची. तुम्ही आपले बाकावर बसा. आणि जरा तिकडे सरका, आरशात उजेड पडतोय."

झरेवालाही काही कमी नव्हता. "असू दे. तुमच्या खुर्चीला कात्री लागते, माझ्या झऱ्याला काही लागत नाही. अहो, ते पाणी इथलं नाहीच! लांब तिकडे बर्फाचे डोंगर आहेत ना, तिथून जमिनीखालून येतं. वाटेत माणसाचं बोटसुद्धा लागत नाही त्याला."

"मग त्या डोंगरांना निरोप द्या, थंडीत जरा कोमट सोडत जा म्हणावं."

बर्फाच्या डोंगरांची ही गोष्ट झरेवाल्याने कुठून आणली देव जाणे. पण त्याने ती इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली होती की आता गावाला ती पाठ होती आणि त्याला स्वतःला ती खरी वाटत होती.

तर त्या वर्षी डोंगरावर पाऊस जरा जोरातच झाला. ओहोळ फुगला, खादाडाने त्याला घटाघटा गिळलं. आणि दुसऱ्या दिवशी गावच्या प्रमुखबाईंच्या चहात केस निघाला.

प्रमुखबाई म्हणजे करारी बाई. त्यांनी चहा ओतून दुसरा केला. त्यातही केस. तिसऱ्यांदा नळाला फडकं बांधलं, तर फडक्यावर एवढासा झुबका. शेजारणीला हाक मारली, "अगं, तुझ्याकडे?" शेजारीण म्हणाली, "मी तर सकाळपासून यांच्यावर ओरडतेय!" बघता बघता सगळ्या गावाने नळांना फडकी बांधली आणि ज्याचं त्याचं फडकं घेऊन मंडळी हौदापाशी जमली.

"कोणाचे आहेत हे केस?" प्रमुखबाईंनी विचारलं.

बेकरीवाला पुढे झाला. हा माणूस पाव जितका फुगवायचा त्याहून जास्त गोष्ट फुगवायचा. "बाई, सरळ आहे. दाराला कुलूप असतं, चावी एकट्या झरेवाल्याकडे. हा हौदात उतरून डोकं धूत असणार."

झरेवाला टोपी काढून ओरडला, "अहो, डोळे आहेत का? माझ्या डोक्यावर एक तरी केस दाखवा!"

"तेच तर म्हणतोय! आता नाहीत. पण होते ना एके काळी? मग गेले कुठे?" बेकरीवाल्याने आवाज खाली आणला. "आम्ही प्यायलो!"

सगळ्या गावाने एकदम झरेवाल्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं आणि एकदम स्वतःच्या गळ्याला हात लावला. एक आजी तर मटकन खालीच बसल्या.

"थांबा," प्रमुखबाई म्हणाल्या. "केसांतलं कळणारा माणूस आपल्यात आहे. मामा, या पुढे. हे बघा आणि सांगा."

मामा मिशीला पीळ देत ऐटीत पुढे आले. फडकं हातात घेतलं. आणि पीळ देणारा हात तिथेच थांबला.

झुबक्यातला एकेक केस त्यांच्या ओळखीचा होता. हा जाड, टोकाशी वळलेला, गुरांच्या डॉक्टरांचा. हा मऊ करडा, मास्तरांच्या कानावरचा. आणि हा तांबूस, बुडाशी पांढरा, हा तर खुद्द प्रमुखबाईंचा! बाई महिन्यातून एकदा मागच्या दाराने येऊन कलप लावून घेत, आणि ती गोष्ट त्यांच्यात आणि मामांच्यातच होती. सगळे केस मामांनी कापलेले. मामांनी झाडलेले. आणि मामांनी खादाडाला वाढलेले.

एवढा स्वच्छ माणूस, आणि गेली कित्येक वर्षं आपण गावाला केसांचं पाणी पाजतोय! बोलावं तर गाव आपल्यालाच टोपलीत भरून खादाडात टाकणार. त्यात बाईंचा कलप.

"सांगता येत नाही," मामा पुटपुटले. "केस... भिजलेत."

"बरं," प्रमुखबाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत हे केस कुठून आले ते कळलं तर ठीक. नाहीतर झरेवाले, चावी माझ्याकडे द्यायची आणि उद्यापासून हौदाकडे फिरकायचं नाही. तोवर सगळ्यांनी पाणी गाळून, उकळून प्या."

झरेवाल्याने गळ्यातली चावी मुठीत घट्ट धरली. टोपी घालायचंही त्याला सुचलं नाही. आणि मामा मान खाली घालून घरी गेले.

घरी मामी वाटच बघत होत्या. त्यांनी चहाचा कप पुढे ठेवला, कपाशेजारी एक केस ठेवला, आणि समोर बसल्या.

"अहो, पाठमोऱ्या माणसाला नुसत्या मानेवरून ओळखता तुम्ही. आणि आज म्हणे सांगता येत नाही?"

मामांनी चहाकडे बघितलं. केसाकडे बघितलं. आणि सगळं सांगून टाकलं, खादाडापासून कलपापर्यंत.

मामींनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मीसुद्धा इतकी वर्षं सगळ्या गावाची डोकी पितेय?"

"उकळून प्यायचीस ना..."

"चहा उकळून पितात. तहान लागली की पाणी कोणी उकळत बसत नाही! आणि माझा भाऊ? त्या झऱ्यापायी तो स्वतःच्या लग्नाला उशिरा आला, आठवतं? हौद घासत बसला होता. उद्या त्याची चावी गेली तर तो उभ्या उभ्या वाळेल. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा सगळ्यांना."

"सांगतो गं. पण विश्वास कोण ठेवणार? बेकरीवाला म्हणेल, मेहुण्याला वाचवायला रचलंय. आणि तुझा भाऊच छाती काढून म्हणेल, छे छे, पाणी बर्फाच्या डोंगरातून येतं! नुसतं बोलून उपयोग नाही. खादाडात काहीतरी टाकायचं आणि ते हौदात निघालेलं सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं."

"मग टाका. कंगवा टाका."

"कंगवे काय, घरोघरी आहेत. म्हणतील वरून टाकला."

"दुकानाची पाटी?"

"फटीतून यायची नाही."

मामी विचार करायला लागल्या. "तरंगणारं हवं. लहान हवं. आणि गावातल्या कोणीही लांबून बघितलं तरी म्हणालं पाहिजे, हे यांचंच, दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही." एवढं बोलून त्यांनी नजर वर केली, आणि ती मामांच्या नाकाखाली येऊन थांबली.

"नाही," मामा म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"बोलली नाहीस. बघितलंस."

"पुन्हा येईल हो."

"तुझ्या भावाचे आले का?"

"माझ्या भावाची चावी तरी वाचवा!"



सकाळी उठल्या उठल्या मामांनी दुकान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फिरत्या खुर्चीत स्वतः बसले. मिशीला शेवटचा पीळ दिला, मेण जरा सढळ हाताने लावलं. मग वस्तरा घेतला आणि डोळे मिटले. मामी ओरडल्या, "डोळे उघडा, नाक जाईल!"

डोळे उघडले. मिशी गेली. वरचा ओठ असा उघडा पडला, जणू घरातलं जुनं कपाट हलवावं आणि मागची भिंत दिसावी, कोरी, फिकट, जरा ओशाळलेली.

"कसा दिसतोय?" मामांनी विचारलं.

मामींनी पदर तोंडाला लावला. "बरे दिसताय. पण आपली ओळख?"

मग बाटलीचं एक बूच घेतलं, त्याची पातळ चकती कापली, आणि मेण लावून मिशी तिच्यावर पक्की बसवली, होती तशीच, दोन्ही टोकं वर. मामांनी ती ओंजळीत धरून खादाडापाशी नेली. ओहोळ आत उडी घेत होता. मामांनी एकदा मिशीकडे बघितलं, "सांभाळून जा," म्हणाले, आणि सोडून दिली. खादाडाने तीही गिळली.

तिथून मामा तडक हौदापाशी गेले. वाटेत बेकरीवाल्याने विचारलं, "काय हो, गावात नवीन आहात का? तुमच्यासारखेच कान आमच्या न्हाव्याचे आहेत." मामांनी तोंड उघडलं तेव्हा आवाज ओळखून त्याच्या हातातली पावाची पाटी पडली.

गाव गोळा झालं. मामांनी सगळं सांगितलं: केस माझ्या टोपलीतले, टोपली खादाडात, खादाड झऱ्यात. कलपाचं तेवढं गाळलं.

अपेक्षेप्रमाणेच झालं. बेकरीवाला म्हणाला, "मेहुण्यासाठी रचलंय." आणि झरेवाला, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो छाती काढून म्हणाला, "भाऊजी, माया आहे तुमची, पण उगाच माझ्या पाण्याचा अपमान करू नका. ते बर्फाच्या..."

"मेहुणे, गप्प बसा आणि फटीकडे बघा!"

सगळे फटीकडे बघत बसले. पाणी येत होतं. नुसतं पाणी. उन्हं चढली, उन्हं कलली. मंडळींनी घरून स्टुलं आणली. कोणी विणकाम काढलं. बेकरीवाला अधूनमधून म्हणायचा, "मिशी बर्फाच्या डोंगरावर फिरायला गेली वाटतं," आणि लोक हसायचे. मामा उघड्या ओठावर रुमाल धरून उभे होते. त्यांच्या मनात एकच धास्ती: वाटेत कुठे अडकली तर? तर मिशीही गेली, चावीही गेली, आणि घरी तोंड दाखवायचं म्हटलं तर ते तोंडही ओळखीचं राहिलं नाही.

संध्याकाळ झाली. प्रमुखबाई उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "झरेवाले, वाईट वाटतंय मला. पण चावी द्या."

झरेवाल्याने दोरी गळ्यातून काढायला घेतली. ती कानापाशी अडकली. एरवी टकलावरून सगळं घसरायचं, पण चावीला जायचं नव्हतं की काय कोण जाणे. तो ती सोडवत होता, एवढ्यात फटीत काहीतरी काळं अडलं. पाणी जरा थबकलं, फुगलं, आणि टपकन हौदात पडली मिशी!

पडली ती बुडाली नाही. चकतीवर बसून, दोन्ही टोकं वर करून तिने हौदाला एक सावकाश फेरी मारली, अगदी मामा नटूनथटून गावातून फिरायला निघावेत तशी.

"अगं बाई, मामा बुडाले!" आजी किंचाळल्या.

"भाऊजी!" झरेवाला ओरडला आणि गडबडीत मिशीलाच नमस्कार करून बसला. मागाहून त्याच्या लक्षात आलं, तेव्हा वळून त्याने मामांनाही केला.

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, मामांनी मिशी उचलून सगळ्यांना दाखवली. आणि मग हळूहळू सगळा आवाज बंद झाला. कारण एकेकाला आठवायला लागलं.

"म्हणजे माझे ते करपलेले पाव..." बेकरीवाला म्हणाला.

"आमची गादी..." मागून कोणीतरी म्हणालं.

"पावांचं आणि गादीचं काय घेऊन बसलात," गुरांचे डॉक्टर म्हणाले, आणि एकदम पांढरे पडून गप्प झाले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. बादलीत काय असायचं, ते मात्र एकानेही विचारलं नाही.

प्रमुखबाईंनी घसा साफ केला. फडक्यावरचा तांबूस केस उचलला आणि सगळ्यांसमोर धरला. "हा माझा. कलप लावते. पुढे बोला. वरच्या गल्लीत आपण जे टाकतो ते खालच्या गल्लीत आपणच पितो, एवढं आज कळलं. चावी झरेवाल्याकडेच राहील. उद्या सकाळी सगळ्यांनी दोर घेऊन खादाडापाशी यायचं. आणि डॉक्टर, तुम्ही सगळ्यांत आधी."

मग काय विचारता! दोर बांधून माणसं उतरली, पाट्या भरभरून वर आल्या. बाटल्या, पत्रे, स्टूल. गादी निघाली तेव्हा ती कोणाचीच नव्हती. बेकरीवाल्याचा एक पाव तर असा निघाला की त्याने ठोकून बघितला आणि म्हणाला, "हा बांधकामाला चालेल," आणि खरंच खादाडाभोवती दगडी कठडा बांधला त्यात तो बसवलाय म्हणतात. ओहोळ तेवढा आत जाऊ दिला, जाळीतून गाळून. वर डोंगरावर ओहोळाच्या दोन्ही काठांना गवत आणि झाडं लावली, म्हणजे पावसात मातीही वाहून यायची नाही. टाकाऊ सामानासाठी गावाबाहेर, उताराच्या दुसऱ्या अंगाला खड्डा केला. डॉक्टर तिथेही गेले तर लोक लांबून वळून जात.

झरेवाल्याने आपली गोष्ट बदलली. हौदापाशी पाहुणे आले की तो आता छाती काढून सांगतो, "हे पाणी लांबून कुठून नाही, याच डोंगराचं आहे. वरून निघतं, आणि वाटेत माझ्या भाऊजींचं दुकान लागतं. पण आत जात नाही."

मामांची मिशी परत आली, पहिल्याहून दाट. जुनी, ती प्रवास केलेली, चकतीसकट आरशावर टांगलेली आहे. गिऱ्हाइकाला आरशात आता आणखी कमी जागा उरते.

त्या गडबडीनंतर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी झरेवाला दुकानात आला आणि सवयीने बाकाकडे वळला.

"तिकडे कुठे?" मामा म्हणाले. त्यांनी फिरती खुर्ची फडक्याने पुसली. "इकडे बसा."

"भाऊजी, पण खुर्ची केसवाल्यांची..."

"बसा म्हणतो ना!"

झरेवाला बसला. मामांनी पांढरा कपडा झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधला, चावी बाहेर राहील असा. खुर्ची एकदा गरागरा फिरवून दिली. "कसे कापू?"

"मागून बारीक. पुढे जरा ठेवा."

मामांनी कात्री घेतली आणि त्या गुळगुळीत डोक्यावर हवेत कचकच कचकच चालवायला लागले. कानामागे वाकून बघितलं, मानेवर फुंकर घातली, मागे आरसा धरून दाखवला. झरेवाल्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "डावीकडे थोडे जास्त राहिले वाटतं." मामांनी डावीकडे पुन्हा दोनदा कचकच केलं.

मग त्यांनी झाडू घेतला आणि खुर्चीखालची स्वच्छ जमीन नीट झाडली, टोपलीत भरली. टोपली उचलून मागच्या दाराकडे वळले, आणि तिथेच थांबले.

"अहो, रिकामी आहे ती," झरेवाला म्हणाला.

"असू दे," मामा म्हणाले, आणि टोपली घेऊन पुढच्या दाराने गावाबाहेरच्या खड्ड्याकडे निघाले.